तिसऱ्या घराचा नाच

लाम्ब्रोस गावात आलाय, हे आन्थुलाला चर्चमध्ये कळलं. पंधरा ऑगस्टची, मरियमच्या सणाची लांबलचक प्रार्थना चालू होती. बायकांच्या बाजूला मेणबत्त्यांनी उकडत होतं. तिची वहिनी वासिलो उशिरानं येऊन शेजारी उभी राहिली आणि क्रूस करता करताच पुटपुटली, "फोटिसचा ताफा शाळेत उतरलाय. क्लॅरिनेट कुणाच्या बगलेत आहे, सांग बघू."

आन्थुलानं समोरच्या तसबिरीवरची नजर हलवली नाही.

"सांगू?" वासिलो म्हणाली.

"नको. कळलं."

पलीकडे पुरुषांच्या रांगेत तिचा थोरला भाऊ सोतिरिस उभा होता. तीन वर्षांनी त्याच्या अंगावर पांढरा शर्ट होता. जूनमध्ये बापाला जाऊन तीन वर्षं झाली आणि घराचा दुखवटा सुटला, तेव्हा वासिलोनं तो यानिना शहरातून आणवला होता. घड्या अजून पाठीवर दिसत होत्या. त्याची मान ताठ होती, म्हणजे त्याला काही कळलेलं नव्हतं.

लेफ्का गावात सणाचा नाच तेव्हा घरांच्या क्रमानं होत असे. आता ज्याला वाटेल तो ज्याचा हात मिळेल त्याचा धरतो. तेव्हा आधी पाद्रीबाबा नाचत, मग गिरणीवाल्यांचं घर, आणि तिसरं थनासिसचं, म्हणजे आन्थुलाच्या बापाचं. घराचा कर्ता रांगेच्या टोकाला उभा राहून आपला नाच मागे आणि त्याच्यामागे सगळं घर हातात हात घालून येई. क्लॅरिनेटवाला त्याच्या पावलांकडे बघत वाजवी, कारण सूर पावलांच्या मागे जायचा असे, पुढे नाही. नाच भरात आला की कर्ता एक नोट काढून वाजवणाऱ्याच्या घामेजल्या कपाळावर चिकटवी. दुखवट्यातल्या घराची जागा गाव राखून ठेवी. पण दुखवटा सुटल्यावरच्या पहिल्या सणाला जे घर उठलं नाही, त्याची जागा मागच्याला जाई आणि ती पुन्हा मिळत नसे.

त्या वर्षी थनासिसच्या घराला उठायचं होतं, आणि वाजवणारा होता थनासिसचाच धाकटा मुलगा, लाम्ब्रोस.

सोतिरिसला घरी आल्यावर कळलं. सांगितलं वासिलोनंच. तो मोरीवर हात धूत होता. ते धुवून झाले, तरी तो धूतच राहिला.

"कोण म्हणालं?"

"अख्खं गाव म्हणतंय. तुम्हीच तेवढे राहिला होतात."

"मग आपण चौकात जायचं नाही."

"जायचं," आई म्हणाली. म्हातारी कोस्तांदो भट्टीजवळच्या बाकावर बसली होती. तिनं मात्र काळा रुमाल सोडला नव्हता. विधवांना सुटायचं काही नसतं.

"आई, तुला कळत नाहीये..."

"जायचं म्हटलं ना. तुझ्या बापाची जागा आहे ती. त्याच्या बापानं खेचरं हाकत रुमानिया गाठला, परत येऊन गावाला नळ बांधून दिला, तेव्हा मिळालेली. तू घरात बसून घालवणार?"

"सासूबाई, लोक हसतील हो," वासिलो म्हणाली. "एक भाऊ नाचतोय आणि दुसरा त्याच्यापुढे भाड्यानं वाजवतोय."

"हसू देत. आपण गेलो नाही तर चौथं घर पुढे सरकेल. चौथं घर कुणाचं, गं?"

वासिलोनं ताटं पुसायला घेतली. चौथं घर तिच्या माहेरचं होतं.

"काल तुझी भावजय नळावर विचारत होती, सोतिरिसचा गुडघा कसा आहे म्हणून," म्हातारी पुढे म्हणाली. "गुडघ्याची एवढी काळजी तिला पहिल्यांदाच वाटली."

"आता माझ्या माहेरच्यांनी साधी चौकशीसुद्धा करायची नाही का?"

"करावी की. उद्या करावी."

आन्थुलाला हसू येत होतं, म्हणून ती भट्टीत डोकावली. आत बोकडाचं मटण बटाट्यांवर टाकलेलं होतं. पंधरा दिवसांच्या उपवासानंतर त्या वासानं पोट दुखत होतं.

सोतिरिसनं हात पुसले. "जागेचं मला कळतं, आई. पण मी त्याच्या कपाळाला पैसा लावणार नाही. मी त्याला मास्तर व्हायला पाठवला होता. गावातली पोरं त्याच्यासमोर उठून उभी राहायची, तर हा उभा राहणार आणि मी, त्याचा भाऊ, गिऱ्हाइकासारखा त्याच्या तोंडावर नोट चिकटवणार? माझ्या हातानं त्याला भाडोत्री करू?"

"मग नको चिकटवू," वासिलो म्हणाली.

"नाही चिकटवली तर ताफ्याचा अपमान. म्हणतील, थनासिसचं घर फुकट नाचलं."

तो खिडकीशी गेला, परत आला. मग आन्थुलाकडे बघत राहिला. त्याचं हे बघणं तिच्या ओळखीचं होतं. बाप अंथरुणाला खिळला तेव्हाही त्यानं असंच बघितलं होतं, आणि तिची पुढची चार वर्षं त्या बघण्यात गेली होती.

"आन्थुला, तू गाशील."

"काय?"

"तोंडी गाण्यावर नाचायचं. दुखवट्यातून उठलेल्या घराला पहिला नाच वाद्याशिवाय नाचता येतो. आजोबांच्या वेळी नाचले होते. वाद्य नाही, तर वाजवणारा नाही, तर नोट नाही. जागा आपली राहिली आणि तोही... तोही राहिला."

म्हातारीनं मान वर करून मुलाकडे पाहिलं. एवढं डोकं त्याला आहे, हे तिला बहुधा विसरायला झालं होतं.

तोंडी गाण्याचा नियम असा होता की घरातल्या एकानं सूर उचलायचा आणि तो उचलला की बाकीच्या बायकांनी खालून धरायचा. उचलणारा गप्प राहिला तर दुसऱ्या कुणी त्या घराचं गाणं उचलायचं नाही. म्हातारीचा आवाज गेला होता. वासिलोचा कधी नव्हताच. ती प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवी. राहिली आन्थुला.

"गाशील ना?"

"बघते," आन्थुला म्हणाली.

त्या घरात आन्थुलाचं 'बघते' म्हणजे होकारच धरला जाई. सोतिरिसचे खांदे खाली आले. सरपंचांना सांगून येतो, म्हणून तो बाहेर पडला. त्यानं दार ओढून घेतल्यावर आन्थुलानं चीज भरून भाजलेल्या पीताचे चार मोठे तुकडे फडक्यात बांधले.

"कुणाला?" वासिलोनं विचारलं.

"भुकेल्यांना," तिच्याऐवजी म्हातारीनं सांगितलं.

शाळेत बाकं भिंतीला लावून ताफ्यानं पथाऱ्या टाकल्या होत्या. लाउतोच्या तारा छेडणारा आणि डफवाला झाडाखाली पत्ते खेळत होते. ताफ्याचा म्होरक्या फोटिस, व्हायोलिनवाला, तोंडावर रुमाल टाकून एका बाकावर आडवा झाला होता. लाम्ब्रोस खिडकीत बसला होता. त्याच्या तोंडात क्लॅरिनेटची वेताची पट्टी होती. वाजवायच्या आधी ती थुंकीनं भिजवावी लागते. त्यामुळे बहिणीला बघून त्यानं नुसत्या भुवया उंचावल्या.

"वाळलास," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"जेवतोस का वेळेवर?"

त्यानं पुन्हा मान हलवली, दुसऱ्या दिशेनं. मग फडक्याकडे बोट करून भुवयांनीच विचारलं.

"वहिनीनं नाही केलेली. मी केलीय."

त्यानं लगेच पट्टी तोंडातून काढली. "मग खातो."

तो खात असताना तिनं त्याच्याकडे पाहून घेतलं. पंचवीस वर्षांचा होता. खालच्या ओठाला आतून घट्टा पडला होता. तो हसला की पांढरा दिसे.

"ताई, दादाला एक सांगशील? आज नोट लावायची. कमीत कमी असली तरी चालेल. पण कपाळावर, सगळ्यांसमोर."

"तो लावणार नाही. म्हणतो, तुला भाडोत्री करायचा नाही."

"अगं पण मी आहे!"

बाकावरच्या रुमालाखालून आवाज आला. "बाई, मी बोलू का? की झोपलोय असं धरायचं?"

"बोला, फोटिसकाका."

फोटिस उठून बसला. रंगानं काळासावळा, पोटानं गोल, नदीपलीकडच्या जिप्सी वस्तीतला. त्याच्या बापानं आन्थुलाच्या आईच्या लग्नात वाजवलं होतं. "तुमचा हा भाऊ वाजवतो तसं ऐकायला मिळालं म्हणून माझं म्हातारपण सुधारलं. ते बाजूला ठेवा. पण ईस्टरपासून जिथं जातो तिथं याचं कपाळ कोरडं. लोक वाहवा करतात, दारू पाजतात, पाठ थोपटतात. याच्या पाठीचा अगदी डफ झालाय. पण नोट निघत नाही. म्हणतात, थनासिसचा पोरगा ना हा? दुकानवाल्यांचा? त्याच्या कपाळाला पैसा लावायचा म्हणजे घराण्याला हिणवल्यासारखं. त्याच्या भावानं लावली का? मग आम्ही कशी लावू?"

"म्हणजे सगळे दादासाठी थांबलेत."

"सगळे. आज त्यानं लावली तर संध्याकाळपर्यंत खोऱ्यात बातमी जाईल. नाही लावली तर... बाई, आम्ही चार माणसं आणि आमच्या मागं चार घरं. मला दुसरा बघावा लागेल. तो याच्या निम्मासुद्धा वाजवणार नाही. पण त्याला कुणी घराण्याचं नाव विचारणार नाही."

लाम्ब्रोस पीताचा चुरा तळहातावरून वेचत होता. हे त्यानं आधी ऐकलेलं दिसत होतं.

"दादा मला गायला सांगतोय," आन्थुला म्हणाली. "तोंडी नाचायचं म्हणतो."

लाम्ब्रोसचा हात थांबला. "आणि तू काय म्हणालीस?"

"बघते म्हणाले."

तो हसला. "म्हणजे गाणार."

तिला उत्तर द्यायचं होतं, पण त्याची नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे गेली होती. दारात सोतिरिस उभा होता. शाळेचं दार बुटकं असल्यानं तो थोडा वाकलेला होता.

फोटिसनं रुमाल खिशात कोंबला. "मी जरा खेचराला पाणी दाखवून येतो."

"तू बसनं आलायस," सोतिरिस म्हणाला.

"म्हणूनच वेळ लागेल," फोटिस म्हणाला आणि गेला.

सोतिरिस आत आला. एका बाकावर बसायला गेला, पण ते पोरांचं बाक होतं. त्याचे गुडघे मावले नाहीत, तेव्हा तो उभाच राहिला.

"घरी चल."

"कशाला, दादा?"

"कशाला म्हणजे? कपडे बदल. माझ्या मागे ताईचा हात धर आणि नाच. सणाचा दिवस आहे."

"मी कामावर आलोय."

"काम!" सोतिरिस म्हणाला. "वाजवू नको असं मी कधी म्हटलंय? बाबा असताना तू अंगणात वाजवायचास, तेव्हा मी दुकानाचं दार ओढून घेऊन ऐकत बसायचो. गिऱ्हाईक दार ठोठावायचं, तरी उठायचो नाही. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग?"

"फुकट ऐकायचास."

"घरच्या घरी पैसे कोण देतं?"

"तेच म्हणतोय मी."

सोतिरिसला ते लागलं की कळलंच नाही, हे आन्थुलाला ठरवता येईना. तो फळ्याकडे वळला. त्यावर जूनमधला कुणाचा तरी गुणाकार पुसायचा राहिला होता.

"तुला दोन वर्षं यानिनाला शिकायला ठेवलं. मला बाबांनी सहावीतून काढून दुकानावर बसवलं होतं. मी कधी बोलून दाखवलं?"

"नाही. तू कधीच बोलत नाहीस. म्हणून तर तुझ्याशी भांडता येत नाही."

"मग आता भांडतो. बाबांचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, ताटं विसळून ठेवली, आणि त्याच आठवड्यात तू कोनित्साच्या बाजूला एका लग्नात वाजवत होतास. इथं तुझ्या ताईनं काळे कपडे घातलेले, आईनं रेडिओला फडकं गुंडाळलेलं. आणि माझा भाऊ नवऱ्या मुलीला नाचवतोय. मला ते कुणी सांगितलं असेल? वासिलोच्या भावानं. दुकानात. साखर घेताना."

"वाजवणाऱ्याला दुखवटा नसतो," लाम्ब्रोस म्हणाला.

"तू थनासिसचा मुलगा आहेस!"

"फोटिसकाकांची बायको गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याच गावात बारसं वाजवलं. कुणी बोट दाखवलं का? उलट बाबाच म्हणाले, वाजवणाऱ्याचं रडणं वाद्यातून होतं, त्याला वेगळं रडायला सांगू नका."

"ते फोटिसबद्दल म्हणाले."

"वाजवणाऱ्याबद्दल म्हणाले, दादा. मी तो आहे की नाही, एवढंच आज तू सांगायचंस. लावलीस नोट, तर मी वाजवणारा, आणि त्या लग्नात मी माझं काम करत होतो. नाही लावलीस, तर मी या घरचा मुलगा आणि बापाच्या दुखवट्यात मजा मारणारा नालायक. गाव गेली तीन वर्षं मला हेच समजतंय. तूही."

आन्थुलानं थोरल्या भावाकडे पाहिलं. तिला आता पहिल्यांदा सगळं एकत्र दिसलं. माफी द्यायची तर त्याच हातानं भावाला घराबाहेर काढायचं होतं. घरात ठेवायचं तर माफी द्यायची नव्हती. दोन्ही एकदम देणारी नोट कुठल्याच बँकेनं काढलेली नव्हती.

सोतिरिसलाही ते दिसलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "आणि मी तुला नालायक ठेवूनही घरचाच ठेवला, तर?"

"तर मला हे विकावं लागेल," लाम्ब्रोसनं मांडीवरच्या वाद्याकडे बोट केलं.

"ते तुझं एकट्याचं नाही विकायला," सोतिरिस म्हणाला. "आन्थुलाच्या घोंगड्यांचं आहे ते."

आन्थुला सोतिरिसकडे वळली. हुंड्याच्या पेटीसाठी तिनं सोळाव्या वर्षापासून विणलेल्या घोंगड्या तिनं एका फेरीवाल्याला दिल्या होत्या. त्या पैशांत क्लॅरिनेट आलं होतं. हे तिघांत ठेवलेलं गुपित होतं: ती, लाम्ब्रोस आणि फेरीवाला.

"तुला कधी कळलं?"

"त्याच वर्षी. भिंत रंगवायला पेटी सरकवली. एका हातानं सरकली."

"बोलला नाहीस."

"काय बोलायचं? तुला लग्न करायचं नव्हतं, ते कळलं. त्यानंतर आलेली दोन स्थळं मी परत पाठवली." तो दाराकडे वळला. "सावली चौकात आली की नाच सुरू होईल. आन्थुला, वेळेवर ये. वरच्या पट्टीत घे. मागचे लोक बहिरे आहेत."

तो वाकून बाहेर गेला. लाम्ब्रोसनं पट्टी पुन्हा तोंडात घातली.

चौकातल्या चिनाराखाली सगळं गाव बसलं होतं. ताफा मधोमध उभा राहिला. सणाची सुरुवात तिथं मेलेल्यांपासून होते. आधी वाद्यांवर विलाप वाजतो आणि तोवर कुणी पेला उचलत नाही. लाम्ब्रोसनं विलाप वाजवला. तो कसा वाजवला, याचा विचार करायचा नाही असं आन्थुलानं ठरवलं होतं, तरी तिला जाणवलं की सूर खाली येताना तो प्रत्येक वेळी शेवटच्या पायरीवर थांबतोय. बाप आजारपणात जिना उतरताना थांबत असे, तसा. शेजारी आई बसली होती. तिनं रुमालाचं टोक दातांत धरलं.

मग पाद्रीबाबा झगा सावरत नाचले आणि त्यांनी नोट फोटिसच्या व्हायोलिनच्या खाचेत सरकवली. पाद्रीचं कुणी मनावर घेत नसे. मग गिरणीवाला नाचला. त्यानं लाम्ब्रोसची पाठ थोपटली, दोनदा, जोरात, आणि पेला त्याच्या ओठाला लावला. नोट काढली नाही. त्याआधी त्यानं एकदा सोतिरिस बसला होता तिकडे पाहिलं होतं.

"थनासिसचं घर," सरपंच म्हणाले.

सोतिरिस उठला. त्याच्यामागे आन्थुला, वासिलो, चुलत्याच्या सुना. म्हातारी बसूनच राहिली. तिचं यायचं ते डोळ्यांनी. सोतिरिसनं रुमाल काढून एक टोक आन्थुलाच्या हातात दिलं. कर्ता आणि त्याच्यामागचं माणूस रुमाल धरतात, म्हणजे कर्त्याला फिरायला जागा मिळते.

"आमचा पहिला नाच तोंडी," तो मोठ्यानं म्हणाला.

लोकांत कुजबूज झाली. जुन्या माणसांनी माना डोलावल्या, आहे, असा रिवाज आहे. वासिलोचा भाऊ बाकावर पुढे सरकून बसला होता, तो मागे टेकला. लाम्ब्रोसनं क्लॅरिनेट खाली घेतलं आणि छातीशी आडवं धरलं. फोटिसनं गज काखेत मारला आणि आभाळाकडे बघू लागला.

सोतिरिसनं उजवा पाय पुढे टाकून तोलला. सूर आला की तो टेकवायचा होता.

आन्थुलाला शब्द पाठ होते. घशापर्यंत आले होते. वरच्या पट्टीतला पहिला सूर कुठं आहे, हे तिला पायाखालच्या दगडाइतकं ठाऊक होतं. तिनं ओठ मिटून घेतले.

सोतिरिसचा पाय हवेत होता. मागच्या बायका सूर धरायला श्वास घेऊन थांबल्या होत्या. तो श्वास त्यांना सोडावा लागला.

"आन्थुला," तो ओठ न हलवता म्हणाला.

तिनं समोर बघितलं.

"आन्थुला, पोरी, माझा पाय."

त्याचा गुडघा थरथरायला लागला होता. तिला दिसत होतं. त्यानं रुमाल एकदा ओढला, विचारल्यासारखा. तिनं रुमाल सोडला नाही आणि तोंडही उघडलं नाही. गावात एवढी शांतता तिनं फक्त दफनाच्या वेळी ऐकली होती. दुसऱ्या कुणाला ते गाणं उचलता येत नव्हतं. ताफ्याला मागितल्याशिवाय वाजवता येत नव्हतं. मागायचं एकट्या सोतिरिसनं होतं, किंवा पाय खाली ठेवून घरी जायचं होतं.

त्यानं मान वळवून बहिणीकडे पाहिलं. रागानं पाहील असं तिला वाटलं होतं. त्यानं नुसतं पाहिलं, पेटी हलकी लागली तेव्हा पाहिलं असेल तसं.

मग तो ताफ्याकडे वळला.

"वाजवा, उस्ताद," तो म्हणाला.

लाम्ब्रोसचा चेहरा क्षणभर उघडा पडला. जन्मल्यापासून त्यानं या तोंडून 'अरे' खेरीज काही ऐकलेलं नव्हतं. पण त्यालाही आपलं वाक्य ठाऊक होतं. त्यानं क्लॅरिनेट वर घेतलं, पुढे येऊन मान झुकवली आणि प्रत्येक घराला विचारतात तसं विचारलं, "कुठला घेऊ, मालक?"

"आमच्या वडिलांचा."

लाम्ब्रोसनं कुणाच्या वडिलांचा, हे विचारलं नाही. सूर सुटला आणि सोतिरिसचा पाय जमिनीवर आला.

तो नाच संथ आहे. चांगला नाचणारा त्यात फार काही करत नाही. सोतिरिस जड होता आणि त्याचा गुडघा खरोखरच दुखत होता. तिसऱ्या वळणाला तो कळ येऊन थबकला. सूर त्याच्यासाठी तिथंच थांबला, लांबला, जणू थांबणं गाण्यातलंच होतं, आणि पाय हलल्यावर पुढे गेला. बघणाऱ्यांना वाटलं, काय डौल आहे! लाम्ब्रोस दीड हातावर, वाकून, वाद्याचं तोंड भावाच्या गुडघ्याकडे करून वाजवत होता. घाम त्याच्या भुवयांवरून खाली येत होता.

सोतिरिसनं डाव्या हातानं शर्टाच्या खिशातून नोट काढली. ती तिथं होती, म्हणजे त्यानं सकाळीच ठेवली होती की नाचायला उठताना, हे आन्थुलाला कधीच कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. त्यानं ती लाम्ब्रोसच्या कपाळावर ठेवली आणि तळवा दाबून धरला. नोट चिकटायला लागतो त्याहून जास्त वेळ दाबून धरला. लाम्ब्रोसनं डोळे मिटले, पण सूर सोडला नाही. मग हात निघाला आणि सोतिरिस वळून पुढे नाचत गेला.

नाच संपल्यावर फोटिसनं ती नोट सोलल्यासारखी काढून व्हायोलिनच्या खाचेत टाकली. "चौथं घर," सरपंच म्हणाले. वासिलोचा भाऊ उठला. त्याची नोट आधीपासूनच हातात होती. पहिल्याच फेरीला त्यानं ती लाम्ब्रोसच्या कपाळावर थापली, वर आणखी एक गालावर. कुणीतरी शिट्टी मारली. पाचव्या घराची माणसं खिसे चाचपू लागली.

आन्थुला आईजवळ येऊन बसली. सोतिरिस दूर पुरुषांत बसला होता. त्याच्यापुढे कुणीतरी त्सिपुरो दारूचा पेला ठेवला होता आणि तो त्याच्याकडे बघत होता. आज रात्री तो तिच्याशी काय बोलेल, किंवा काहीच बोलणार नाही, याचा तिनं विचार केला. घर त्याचं होतं.

"का नाही गायलीस?" आईनं विचारलं.

"आवाज नाही लागला."

म्हातारीनं हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मला इथवर ऐकू आलं नाही. सोतिरिस त्याला काय म्हणाला?"

"वाजवा म्हणाला."

"वाजव नाही?"

"नाही, आई. वाजवा. उस्ताद म्हणाला."

म्हातारीनं नाचाकडे पाहिलं. तिचा धाकटा मुलगा दुसऱ्यांच्या पावलांपुढे वाकून वाजवत होता आणि त्याच्या कपाळावर नवी नोट होती.

"मग जा," ती शेवटी म्हणाली, "त्याला रात्री जेवायला यायचं आमंत्रण देऊन ये. चौघांनाही दे. आता आपणहून यायचा नाही तो."

दोन नाचांच्या मध्ये आन्थुला चौकाच्या मधोमध गेली. लाम्ब्रोस पट्टी पुसत होता. जवळून त्याचं कपाळ लाल झालेलं दिसत होतं. ती समोर उभी राहिल्यावर त्यानं वाद्य खाली केलं.

"आईनं तुम्हाला सगळ्यांना रात्री जेवायला बोलावलंय," ती म्हणाली. चौघं होते म्हणून 'तुम्हाला' म्हणता आलं. एकटा असता तर काय म्हटलं असतं, कोण जाणे.

लाम्ब्रोसनं मान हलवली. मागे फोटिस सहाव्या घराशी बोलत होता.

"फोटिसकाकांना विचारून सांगतो," तो म्हणाला.